नकाशाचा समास कुठे हरवला?

कागदी टोपोशीट (सर्वेक्षण करून काढलेला तपशीलवार नकाशा) टेबलावर पसरली की बहुतेक जण थेट मधोमध बघतात, नदी कुठून गेली, रस्ता कुठे, आपलं ठिकाण सापडतंय का. मला ज्यांनी नकाशा वाचायला शिकवलं त्या सरांनी पहिल्याच दिवशी शीटचा मधला सगळा भाग वर्तमानपत्राने झाकून ठेवला होता आणि म्हणाले, आधी फक्त समास वाचा, अर्धा तास. आम्हाला वैताग आला होता तेव्हा. आज इतकी वर्षं या कामात काढल्यावर वाटतं की त्या अर्ध्या तासात जे मिळालं तेवढं नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरच्या ट्रेनिंगमध्ये मिळालं नाही.

किती काय असतं त्या समासात बघा. शीटचा नंबर, शेजारच्या शीट्स कुठल्या ते दाखवणारा छोटा चौकोन, दोन समोच्च रेषांमध्ये किती मीटरचं अंतर धरलंय, सर्वेक्षण कुठल्या वर्षी झालं आणि छपाई कुठल्या वर्षी झाली (हे दोन आकडे वेगळे असतात, कधीकधी खूप वेगळे), प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत) कुठलं वापरलं, प्रमाण अंकात आणि खाली पट्टी काढून, आणि उत्तर दिशा तर एक नाही, तीन. खरी उत्तर, ग्रिडची उत्तर आणि होकायंत्राची सुई दाखवते ती उत्तर, तिघींमधला कोन किती तेही लिहिलेलं. म्हणजे नकाशा काढणारा माणूस कडेला बसून सांगत असायचा की बाबा हे मी अमुक साली, अमुक पद्धतीने, एवढ्या बारकाव्यापर्यंत काढलंय, याच्या पुढचं मला विचारू नकोस.

आता मोबाईलवरचा नकाशा उघडा. कडा नाहीच. बोटाने सरकवत जा, सरकतच जातो, झूम करा, होतच जातो, आणि कुठेही एक ओळ दिसत नाही की ही नदी कुठल्या वर्षीची आहे, ही हद्द कुठून उचलली, हा रस्ता कुणी प्रत्यक्ष चालून बघितला की उपग्रहाच्या चित्रावरून काढला. रोजच्या वापराला, रस्ता शोधायला हे चालून जातं, चुकलो तर यू टर्न मारतो. पण आज याच प्रकारच्या बिनसमासाच्या नकाशांवरून पूररेषा ठरतात, जंगलाची हद्द ठरते, कुणाच्या जमिनीवर बांधकाम होईल कुणाच्या नाही ते ठरतं, दवाखाना कुठे लागणार ते ठरतं. आणि तिथे यू टर्न नसतो. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की ज्या नकाशावरून लोकांबद्दल निर्णय होतो त्या नकाशाला समास असणं कायद्याने सक्तीचं करा, आणि तो समास त्या नकाशाबरोबरच, त्याच पडद्यावर, साध्या भाषेत दिसला पाहिजे. कुठल्यातरी वेगळ्या फाइलमध्ये मेटाडेटा (माहितीबद्दलची माहिती) म्हणून पडलेला असून उपयोग नाही.

का एवढा आग्रह, ते प्रमाणापासून सांगतो कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. १:५०,००० म्हणजे नकाशावरचा १ सेंटीमीटर जमिनीवर ५०० मीटर, हे शाळेत पाठ केलेलं असतं. पण त्यापुढचं गणित कुणी करत नाही. पेनाने काढलेली रेघ अर्धा मिलिमीटर जाड असेल तर ती रेघच जमिनीवर २५ मीटर रुंद झाली. २५ मीटर म्हणजे एखादं घर, त्याचं अंगण आणि पुढचा रस्ता, सगळं त्या रेघेच्या आत मावतं. कागदावर हे आपोआप कळायचं, कारण कितीही डोळे ताणले तरी रेघ जाडच दिसायची. मग तीच शीट स्कॅन झाली, जिओरेफरन्स झाली (म्हणजे चित्राला जमिनीवरचे अक्षांश रेखांश जोडले), कुणीतरी माउसने क्लिक क्लिक करत त्या रेघेच्या मधून डिजिटाइझ केली, आणि आता ती रेघ कॉम्प्युटरमध्ये गेल्यावर तिला जाडीच उरली नाही. कितीही झूम करा, ती एका पिक्सेलचीच दिसते, ती घराच्या भिंतीला चाटून जाते आणि बघणारा म्हणतो, बघा, तुमचं घर रेषेच्या आत आहे. अहो, मूळ रेघेलाच तेवढी नजर नव्हती! झूम केल्याने चित्र मोठं होतं, माहिती वाढत नाही, पण पडद्यावर या दोन गोष्टी वेगळ्या दिसतच नाहीत.

प्रमाण बदललं की लांबीसुद्धा बदलते हे तर लोकांना खरंच वाटत नाही. लुईस फ्राय रिचर्डसन नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं होतं की स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यामधली सीमा एका देशाच्या आकड्यात ९८७ किलोमीटर होती आणि दुसऱ्याच्या आकड्यात १२१४. सीमा एकच, भांडण नाही, चोरी नाही, फक्त मोजायची पट्टी वेगळी. लहान पट्टीने मोजलं की प्रत्येक वळण, प्रत्येक खाच पकडली जाते आणि लांबी वाढत जाते. गणितज्ञ मँडेलब्रॉट यांनी १९६७ साली ब्रिटनच्या किनाऱ्याचं उदाहरण घेऊन हेच पुढे नेलं. तेव्हा कुणी सांगितलं की आमच्याकडे इतक्या किलोमीटरचा किनारा आहे किंवा इतकी किलोमीटर नदी आहे, तर पहिला प्रश्न हाच हवा, कुठल्या प्रमाणाच्या नकाशावर मोजली? पाच वर्षांत किनारा वाढला असं दिसलं तर तो खरंच वाढला की मोजणारा नकाशा बदलला हे त्या आकड्याच्या शेजारीच लिहिलेलं असायला हवं.

प्रमाणाइतकीच दुसरी दुर्लक्षित गोष्ट म्हणजे डेटम. नाव ऐकूनच लोक पुढे जातात, पण गोष्ट सोपी आहे. मोजायला सुरुवात कुठून केली, आणि पृथ्वीचा आकार नेमका कसा धरला. पृथ्वी गोल नाही, चेंडू थोडा दाबल्यासारखी आहे आणि त्यातही खडबडीत, म्हणून वेगवेगळ्या देशांनी आपापल्या भागाला नीट बसेल असा लंबगोल धरून नकाशे केले, आणि जीपीएस वापरतं तो डब्ल्यूजीएस ८४ हा सगळ्या पृथ्वीला मिळून बसवलेला. म्हणून ग्रिनिचला शून्य रेखांशाची जी प्रसिद्ध धातूची रेघ आहे तिच्यावर पाय ठेवून फोन बघितला तर फोन शून्य दाखवत नाही, जीपीएसचं शून्य तिथून १०२ मीटर पूर्वेला आहे. कुणाची चूक नाही, आधार वेगळे आहेत. पण डेटम न लिहिता नुसते अक्षांश रेखांश कागदावर दिले तर ते आकडे कितीही दशांश स्थळांपर्यंत असले तरी शंभर मीटर इकडे की तिकडे हे कळायला मार्ग नाही.

उंचीचंही तसंच. समुद्रसपाटीपासून उंची म्हणतो, पण कुठल्या समुद्राच्या? ऱ्हाइन नदीवर लाउफेनबुर्ग इथे जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांना जोडणारा पूल बांधत होते, दोन्ही बाजूंनी काम चालू. जर्मनीची उंची उत्तर समुद्राच्या पातळीवरून, स्वित्झर्लंडची भूमध्य समुद्राच्या पातळीवरून, दोघांत २७ सेंटीमीटरचा फरक. आणि ऐका, हा फरक इंजिनिअर लोकांना माहीत होता! त्यांनी तो हिशोबात धरलाही, फक्त वजा करायचं तिथे अधिक केलं की उलटं, पण चिन्ह चुकलं. २००३ साली लक्षात आलं तेव्हा २७ नाहीसे होण्याऐवजी ५४ सेंटीमीटरचा फरक पडला होता आणि एका बाजूचं काम दुरुस्त करावं लागलं. जगातले दोन अतिशय काटेकोर देश, माहीत असलेला फरक, तरी हे झालं. मग जिथे आधारपातळी लिहिलेलीच नसते तिथे पुराच्या पाण्याची उंची आणि घराच्या जोत्याची उंची दोन वेगळ्या आधारांवरून मोजून एकमेकांतून वजा केली जात नसेल अशी खात्री कुणी द्यायची?

बरं, जमीनसुद्धा जागेवर बसलेली नाही. ऑस्ट्रेलियाची प्लेट वर्षाला साधारण ७ सेंटीमीटर ईशान्येकडे सरकते, १९९४ चा डेटम धरून बसलेले नकाशे आणि उपग्रहावरून मिळणारी जागा यात २०२० पर्यंत सुमारे १.८ मीटरचा फरक पडला, म्हणून त्यांनी नवा डेटम आणला आणि त्याच्या नावातच वर्ष घातलं. मला ही गोष्ट फार आवडते. त्यांनी तारीख नावातच टाकली, म्हणजे जो कुणी वापरेल त्याच्या तोंडून आपोआप तारीख निघणार.

प्रक्षेपणाबद्दल मात्र मी थोडक्यात बोलणार आहे कारण त्यावर लोक आधीच भरपूर भांडतात. मर्केटर या नकाशाकाराने १५६९ साली नकाशा काढला तो खलाशांसाठी, सरळ रेघ काढा, होकायंत्राची एकच दिशा धरून चला, पोचाल. त्या कामाला तो अप्रतिम आहे. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. गोल पृष्ठभाग सपाट करताना काहीतरी ताणावंच लागतं, हे गाउस या गणितज्ञाने गणिताने दाखवून दिलंय, त्यामुळे निर्दोष प्रक्षेपण नावाची वस्तू नाही. भिंतीवर कुठला जगाचा नकाशा लावायचा हा वाद महत्त्वाचा आहेच, पण मला त्याहून जास्त काळजी वाटते ती वेबवरच्या नकाशांत वापरतात त्या मर्केटर प्रक्षेपणात थेट क्षेत्रफळ मोजणाऱ्यांची. ६० अंश अक्षांशावर तिथलं क्षेत्रफळ चौपट दिसतं. कुणी त्याच प्रक्षेपणात पॉलिगॉन (बंद आकृती) काढून साध्या सूत्राने हेक्टर काढले आणि रिपोर्टमध्ये टाकले, तर तो आकडा पुढे वर्षानुवर्षं फिरत राहतो आणि त्याच्या पाठीवर प्रक्षेपणाचं नाव नसल्यामुळे कुणी पकडू शकत नाही.

आता माझ्यासमोर घडलेलं एक सांगतो. एका आरोग्य योजनेच्या कामात आमच्याकडे नकाशा आला होता, प्रत्येक केंद्राभोवती ५ किलोमीटरचं हिरवं वर्तुळ. जीआयएसमध्ये, म्हणजे नकाशे आणि त्यांची माहिती हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, याला बफर म्हणतात, दोन क्लिकचं काम. जवळपास सगळ्या वस्त्या हिरव्यात होत्या, आणि मीटिंगमध्ये निष्कर्ष निघाला की नवीन केंद्राची गरज नाही. माझ्या शेजारी बसलेली एक नर्स बराच वेळ एका वस्तीकडे बघत होती, मग हळूच म्हणाली, सर, इथून बाई आणायची तर पुलावरून फिरून यावं लागतं, सतरा किलोमीटर पडतात. वर्तुळात ती वस्ती तीन किलोमीटरवर होती. मधे नदी होती, नकाशावर निळी रेघ दिसतही होती, पण वर्तुळाला नदीचं काय, ते पाण्यावरून सरळ निघून गेलं होतं. रस्त्याने जायचं अंतर काढायला नेटवर्क ॲनालिसिस लागतं, ते त्या वेळी कुणी केलं नव्हतं. चूक सॉफ्टवेअरची नाही, ज्याने नकाशा केला त्याचीही मी म्हणणार नाही, त्याला वर्तुळं मागितली त्याने वर्तुळं दिली. पण त्या नकाशाखाली एवढी एक ओळ असती, की अंतर सरळ रेषेत धरलंय, नद्या आणि रस्ते विचारात घेतलेले नाहीत, तर ती चर्चा पहिल्या पाच मिनिटांत तिकडे वळली असती. ती नर्स त्या दिवशी रजेवर असती तर?

रंगांचंही असंच आहे, आणि इथे मी जरा आकडे मांडतो कारण नुसतं सांगून पटत नाही. समजा नऊ विभाग आहेत आणि एखाद्या आजाराचं प्रमाण दर हजारी असं आहे: ४, ५, ६, ७, ९, ११, १२, २६, ४०. तीन रंग वापरून क्षेत्रघनी नकाशा (आकड्यानुसार विभागांना फिकट-गडद रंग देणारा) करायचाय. एकाने ४ ते ४० या पल्ल्याचे तीन सारखे भाग केले, १२-१२ चे. मग पहिले सात विभाग फिकट, २६ वाला मध्यम, ४० वाला एकटा गडद. बघणारा म्हणेल, एकाच ठिकाणी आग लागलीये, तिकडे धावा. दुसऱ्याने प्रत्येक रंगात तीन-तीन विभाग घातले. आता १२, २६ आणि ४० तिघेही सारखेच गडद! बघणारा म्हणेल, तिसरा हिस्सा संकटात आहे. आकडा एकही बदललेला नाही, कुणी खोटं बोललेलं नाही, आणि १२ वाला विभाग एका नकाशात सगळ्यात सुरक्षित गटात आहे तर दुसऱ्यात सगळ्यात धोक्याच्या. आता त्या विभागात राहणाऱ्या माणसाने कशावर विश्वास ठेवायचा? त्याला निदान हे तरी कळायला हवं ना की रंगांच्या मर्यादा कशा ठरवल्या, आणि मूळ आकडे बघायचे असतील तर कुठे आहेत. शिवाय दर हजारी न काढता नुसती रुग्णसंख्या रंगवली तर जिथे माणसं जास्त तिथे रंग गडद, म्हणजे तो लोकसंख्येचाच नकाशा झाला, आजाराचा नाही. ही चूक मी इतक्यांदा बघितलीये की आता रंगांची सूची वाचल्याशिवाय रंगाकडे बघतच नाही.

हद्दी कशा आखल्या यावर तर निकालच फिरतो. १८१२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या काळात मतदारसंघ असे काही वळवले की एकाचा आकार सॅलमँडर प्राण्यासारखा दिसू लागला, त्यावरून जेरीमँडरिंग हा शब्दच तयार झाला. आणि त्याच देशात १९३० च्या दशकात घरकर्जासाठी शहरांचे नकाशे रंगवले गेले, हिरवा, निळा, पिवळा, लाल, लाल म्हणजे कर्जाला धोक्याचा भाग. त्या वर्गवारीत इमारती किती जुन्या याच्याबरोबर तिथे कुठल्या वंशाचे लोक राहतात हेही धरलेलं होतं. आपण लाल रंगात आहोत आणि का आहोत, हे तिथल्या माणसांना कुणी सांगायला गेलं नव्हतं. ज्याला हा विषय म्हणजे तांत्रिक किरकिर वाटते त्याने ते नकाशे एकदा बघावेत, आज ते स्कॅन करून सगळ्यांसाठी खुले आहेत.

आणि माहिती मुळात आली कुठून हा प्रश्न. कोरल समुद्रात ऑस्ट्रेलिया आणि न्यू कॅलेडोनिया यांच्यामधे सँडी आयलंड नावाचं बेट होतं, म्हणजे नकाशांवर होतं. १८७६ साली एका व्हेल पकडणाऱ्या जहाजाने तिथे काहीतरी बघितल्याची नोंद केली, ती चार्टवर, म्हणजे समुद्री नकाशावर गेली, चार्टवरून पुढच्या चार्टवर, मग जगाच्या किनारपट्टीच्या डिजिटल डेटासेटमध्ये, तिथून ऑनलाइन नकाशांत. २०१२ साली ऑस्ट्रेलियाचं संशोधन जहाज तिथे पोचलं तर बेट नाही, खाली १३०० मीटरहून खोल पाणी. शंभरपेक्षा जास्त वर्षं एक बेट कॉपी पेस्ट होत राहिलं! प्रत्येक वेळी कॉपी करताना त्या बेटाबरोबर "१८७६, एका जहाजाची नोंद, नंतर कुणी खात्री केलेली नाही" एवढे शब्द आले असते तर कधीच कुणीतरी शंका घेतली असती. आकार पुढे गेला, नोंद मागे राहिली. जीआयएसमध्ये हे रोज होतं. लेअर, म्हणजे एका विषयाचा डिजिटल नकाशा, एका ऑफिसातून दुसऱ्यात जातो, पेन ड्राइव्हवरून, मेलवरून, फाइलचं नाव "फायनल २", आणि ॲट्रिब्यूट टेबलमध्ये (नकाशावरच्या वस्तूंच्या नोंदींच्या तक्त्यात) हे कुणी कधी मोजलं याचा कॉलमच नाही.

यावर जे आक्षेप घेतले जातात ते मी कामाच्या ठिकाणी अनेकदा ऐकलेत. सगळ्यात नेहमीचा म्हणजे लोकांना यातलं काही कळणार नाही. औषधाच्या स्ट्रिपवर एक्सपायरी डेट असते, ती वाचायला फार्मसी शिकावी लागत नाही. "ही पूररेषा अमुक सालच्या सर्वेक्षणावरून, जागेत २५ मीटरपर्यंत फरक असू शकतो" हे वाक्य कुणाला कळणार नाही? दुसरा आक्षेप असा की हे छापलं तर प्रत्येक जण नकाशावर हरकत घेईल, काम पुढे सरकणार नाही. हा आक्षेप मी हलका धरत नाही, योजना अडकल्या की नुकसान गरिबाचंच आधी होतं हे मी बघितलंय. पण त्यावर उपाय आहे. पूररेषा किंवा हद्द रेघ म्हणून काढू नका, तिच्या अचूकतेएवढा पट्टा म्हणून काढा. जे पट्ट्याच्या स्पष्ट बाहेर आहेत त्यांचा प्रश्नच मिटला, जे स्पष्ट आत आहेत त्यांचाही ठरला, आणि ज्यांची घरं पट्ट्यात येतात फक्त त्यांच्याकडे माणूस पाठवून प्रत्यक्ष मोजणी करा, मगच निर्णय. साधा मोबाईलचा जीपीएससुद्धा मोकळ्या आकाशाखाली साधारण ५ मीटरपर्यंत जागा सांगतो आणि सर्वेक्षणाची उपकरणं काही सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे हे अशक्य काम नाही, फक्त आधी कबूल करावं लागतं की आपली रेघ तेवढी बारीक नव्हती.

आणि जगात असं कुठे करतात का, असं विचारणाऱ्यांना मी समुद्राकडे बोट दाखवतो. जहाजांच्या इलेक्ट्रॉनिक चार्टमध्ये प्रत्येक भागाला विश्वासाचा दर्जा दिलेला असतो, ए१, ए२, बी, सी, डी आणि ज्याचं मूल्यमापनच झालेलं नाही तो यू. ए१ म्हणजे जागा साधारण ५ मीटरपर्यंत पक्की, सी म्हणजे ५०० मीटर इकडे तिकडे होऊ शकते. कॅप्टनला चार्ट बघताना हे बघता येतं आणि तो त्याप्रमाणे खडकापासून किती लांबून जायचं ते ठरवतो. म्हणजे नकाशावरच, प्रत्येक तुकड्याला, आम्हाला इथलं कितपत माहीत आहे हे लिहिलेलं. यामुळे जहाजं थांबली नाहीत. उलट ज्याला मर्यादा माहीत असते तोच पुढे जायची हिंमत करतो. हे समुद्रावर चालतं मग जमिनीवर, जिथे माणसं राहतात, तिथे का नको?

सुरक्षेचं कारणही देतात, डेटा उघडा केला तर गैरवापर होईल. काही गोष्टी झाकाव्या लागतील, मान्य. पण नकाशाची तारीख आणि प्रमाण सांगण्यात कुठलं गुपित फुटतं? आणि खुल्या डेटाचा अनुभव काय सांगतो बघा. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रं २००८ पासून फुकट झाली आणि त्यांचा वापर कित्येक पटींनी वाढला, जंगल, पाणी, शेती यांच्यावर जगभर जे काम झालं त्यातलं पुष्कळसं त्यामुळेच शक्य झालं. १२ जानेवारी २०१० ला हैतीमध्ये भूकंप झाला तेव्हा पोर्ट ओ प्रिन्सचा कामाला येईल असा तपशीलवार डिजिटल नकाशा हाताशी नव्हता, तो ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांनी मिळून काढायच्या खुल्या नकाशाच्या स्वयंसेवकांनी जगभरातून उपग्रह चित्रं बघत बघत काही दिवसांत उभा केला आणि मदत पथकांनी तो आपल्या जीपीएसमध्ये घातला. त्या नकाशाची मला सगळ्यात भावणारी गोष्ट वेगळीच आहे. त्यात प्रत्येक रस्त्याचा, प्रत्येक इमारतीचा इतिहास जपलेला असतो, कुठल्या वापरकर्त्याने कधी काढली, कधी बदलली, आवृत्ती कितवी. समास कागदाच्या कडेवरून उठून एकेका वस्तूच्या आत जाऊन बसलाय. मग पैसा, माणसं, अधिकार सगळं हाताशी असलेल्या यंत्रणांना हे जमणार नाही, असं मला कुणी सांगू नये.

जीआयएस जन्माला आलं तेच मुळात सार्वजनिक प्रश्नासाठी. १९६० च्या दशकात कॅनडात जमिनीचा कस, जंगल, वन्यजीव, शेती या सगळ्याचे वेगवेगळे नकाशे एकमेकांवर ठेवून कुठली जमीन कशाला वापरावी ते ठरवायचं होतं, हाताने करायला प्रचंड माणसं आणि वर्षं लागली असती, म्हणून रॉजर टॉमलिन्सन यांनी ते कॉम्प्युटरवर घेतलं. लेअरवर लेअर. पण तीन लेअर एकमेकांवर ठेवले की तिघांच्या चुकाही एकमेकांवर बसतात, हे पडद्यावर दिसत नाही. ज्याचा एक ठिपका जमिनीवर ३० मीटरचा असतो असं उपग्रह चित्र, १:५०,००० वरून काढलेली हद्द आणि जीपीएसने घेतलेली विहीर, तिन्ही एका पडद्यावर सारख्याच आत्मविश्वासाने चमकतात.

म्हणून मला शाळेतल्या भूगोलाबद्दल शेवटी बोलायचंय, कारण कायदा झाला तरी समास वाचणारी माणसं लागतील. आराखड्यात नद्या भरा, शहरं भरा, रंग द्या, यातून नकाशा म्हणजे कुणीतरी मोठ्या माणसाने आधीच बरोबर काढलेली वस्तू आहे आणि आपण फक्त जागा भरायच्या, हेच मनात बसतं. जॉन स्नो या डॉक्टरची गोष्ट सांगतानासुद्धा आपण सांगतो की १८५४ साली लंडनमध्ये कॉलरा पसरला, त्याने नकाशावर मृत्यू टिंबं टिंबं करून मांडले आणि दूषित पंप सापडला. क्रम असा नव्हता. पाण्यातून कॉलरा पसरतो असं तो आधीपासून म्हणत होता, घरोघर जाऊन विचारत फिरला, पंपाचा दांडा ८ सप्टेंबरला निघाला आणि तो प्रसिद्ध नकाशा त्यानंतर तयार झाला. आधी प्रश्न, मग पायपीट, मग नकाशा. मुलांना हा क्रम हातांनी करून बघायला मिळाला पाहिजे.

मागे एकदा मुलांच्या एका शिबिरात मी त्यांना मैदानाचा नकाशा काढायला लावला होता, पावलं मोजून, गटागटाने. चार गटांचे चार नकाशे आले आणि चारही वेगळे. माझाच बरोबर म्हणून भांडणं सुरू झाली, तेव्हा मी म्हटलं, आता प्रत्येकाने कडेला लिहा, कुणाच्या पावलाने मोजलं, किती वाजता, आणि कुठलं तुम्ही प्रत्यक्ष बघितलं नाही. थोडा वेळ शांतता. मग एका मुलीने पेन्सिलने उजव्या कोपऱ्यात लिहिलं: "कुंपणाच्या पलीकडे आम्ही गेलो नाही. तिकडची दोन झाडं अंदाजाने काढली आहेत." आणि मग तिने खोडरबर घेऊन त्या दोन झाडांच्या पक्क्या रेघा पुसल्या आणि तुटक रेघांनी परत काढल्या.